अमेरिकेतील वसंतफुले कुठे आणि केव्हा पाहावीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत भारतातून येणाऱ्या आई-वडिलांच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात आणि 'फुले पाहायची तर नक्की कधी यावे?' हा प्रश्नही ठरल्यासारखा येतो. त्याचे उत्तर एका तारखेत देता येत नाही, कारण या देशात वसंत सगळीकडे एकदम येत नाही. तो फेब्रुवारीत नैर्ऋत्येच्या वाळवंटात सुरू होतो आणि जूनमध्ये पूर्वेकडच्या डोंगरमाथ्यांवर संपतो. म्हणून पुढील उत्तरांत ठिकाणाइतकाच भर वेळेवर दिला आहे.

अमेरिकेत वसंत ऋतू नेमका कधी असतो?

पंचांगाप्रमाणे आपला वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी महाराष्ट्रात पळस, पांगारा आणि काटेसावर फाल्गुनापासूनच निष्पर्ण फांद्यांवर फुललेली दिसतात, आणि रानफुलांचा खरा मोसम पावसाळा उतरताना, भाद्रपदाच्या सुमारास येतो. अमेरिकेत वसंताचा पहिला दिवस २० मार्चच्या आसपासचा, म्हणजे विषुवदिनाचा धरतात. पण फुलांची सुरुवात त्या दिवसावर नव्हे, तर तापमानावर आणि ओलीवर अवलंबून असते. अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये एक ढोबळ नियम मांडला. उत्तरेकडे एक अंश अक्षांश गेले, किंवा ४०० फूट वर चढले, की वसंताची तीच अवस्था साधारण चार दिवस उशिरा येते. नियम अचूक नसला तरी प्रवासाची आखणी करताना फार उपयोगी पडतो. वॉशिंग्टनहून न्यू जर्सीतले नेवार्क जवळजवळ दोन अंश उत्तरेला आहे. तेव्हा वॉशिंग्टनचा बहर हुकला, तर आठ-दहा दिवसांनी नेवार्कला तो सापडण्याची आशा असते, आणि प्रत्यक्षातही बहुधा तसेच घडते.

एकाच आठवड्याची सवड आहे. कुठे जावे?

माझे उत्तर दरवर्षी तेच असते : एप्रिलचा दुसरा किंवा तिसरा आठवडा आणि पूर्व किनाऱ्यावरचा वॉशिंग्टन ते न्यू जर्सी हा पट्टा. एखाद्याच झाडाच्या बहरावर सगळी सहल बेतली आणि त्या वर्षी थंडी लवकर सरली, तर हाती केवळ हिरवी पालवी लागते. एप्रिलच्या मध्यावर मात्र या पट्ट्यात काही ना काही फुललेले असतेच. व्हर्जिनियात सेंटरव्हिल गावाजवळच्या बुल रन रीजनल पार्कमध्ये ओढ्याकाठची ओली जमीन ब्लूबेलच्या निळ्या फुलांनी झाकलेली असते. त्यांच्या कळ्या गुलाबी असतात आणि उमलताना निळ्या होतात, त्यामुळे एकाच देठावर दोन्ही रंग दिसतात. वॉशिंग्टनमध्ये उशिरा फुलणाऱ्या क्वान्झान चेरीचे दाट गुलाबी झुबके साधारण याच सुमारास येतात. पेनसिल्व्हेनियात केनेट स्क्वेअरजवळच्या लाँगवुड गार्डन्समध्ये ट्यूलिपचे ताटवे रंग धरू लागतात, आणि नेवार्कला चेरी भरात असण्याची शक्यता मोठी असते. यांतले एखादे चुकेल, पण सगळी चुकणार नाहीत.

वॉशिंग्टनमधील चेरीचा बहर पाहण्यासाठी कोणती तारीख धरावी?

बहुतेक वर्षी मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला आठवडा. पाडवाही पुष्कळदा याच सुमारास येत असल्याने इथल्या अनेक मराठी कुटुंबांत पाडवा आणि चेरी यांची सांगड बसून गेली आहे. मात्र हा केवळ अंदाज समजावा. १९९० मध्ये पूर्ण बहर १५ मार्चलाच आला होता, तर १९५८ मध्ये त्यासाठी १८ एप्रिल उजाडावा लागला. अलीकडे, २०२४ मध्ये, तो १७ मार्चलाच आला.

'पूर्ण बहर' हा शब्दही येथे ठरावीक अर्थाने वापरतात. टायडल बेसिन या जलाशयाभोवतीच्या योशिनो जातीच्या चेरींची ७० टक्के फुले उमलली, की राष्ट्रीय उद्यान सेवा तो दिवस पूर्ण बहराचा म्हणून जाहीर करते. त्याआधी कळ्यांच्या पाच अवस्था मानल्या जातात : हिरवी कळी, आतली लहान फुले दिसू लागणे, ती बाहेर येणे, त्यांचे देठ लांबणे आणि शेवटी कळी पांढरी होऊन फुगणे. पांढरी फुगीर कळी दिसली की पूर्ण बहर साधारण चार ते सहा दिवसांवर आला असे समजावे. दहा दिवसांहून अधिक आधी खात्रीने तारीख सांगणे उद्यान सेवेलाही शक्य होत नाही. हवा थंड आणि शांत राहिली तर फुले बरेच दिवस टिकतात. जोराचा वारा आणि पाऊस आला तर एका रात्रीत पाकळ्यांचा सडा पडतो. कळ्या उमलण्याच्या बेतात असताना कडाक्याची थंडी परतली तर नुकसान आणखी मोठे होते. मार्च २०१७ मध्ये तसेच घडले आणि योशिनोची जवळपास निम्मी फुले उमलण्याआधीच करपून गेली.

या झाडांची हकिकत ठाऊक असेल तर ती पाहण्यातला आनंद वाढतो. जपान पाहून १८८५ मध्ये परतलेल्या एलायझा सिडमोर या लेखिकेने पोटोमॅक नदीच्या काठी चेरी लावाव्यात म्हणून दोन तपे पाठपुरावा केला. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भेट म्हणून आलेल्या पहिल्या २,००० झाडांवर कीड आणि रोग आढळल्यामुळे ती जाळून टाकावी लागली. अशी भेट जाळावी लागणे दोन्ही देशांना अवघड गेले असणार. पण टोकियोने पुन्हा ३,०२० झाडे पाठवली, आणि २७ मार्च १९१२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी हेलन टाफ्ट आणि जपानी राजदूतांच्या पत्नी व्हायकाउंटेस चिंदा यांनी पहिली दोन झाडे टायडल बेसिनच्या उत्तर काठावर लावली. त्या बेसिनच्या खचलेल्या भिंतींची दुरुस्ती २०२४ मध्ये सुरू झाली आणि त्यासाठी चेरीची सुमारे १४० झाडे काढावी लागली. काम सुरू असेल तर काठाचा काही भाग बंद असू शकतो, हे ध्यानात ठेवून निघावे.

तेथे मोटार घेऊन जाऊ नये. मेट्रोने स्मिथसोनियन स्थानकावर उतरून चालत जावे, आणि शक्य असल्यास सूर्योदयाला पोहोचावे. त्या वेळी पाणी स्थिर असते, गर्दी बेताची असते आणि काठावर झुकलेल्या फांद्यांची पडछाया पाण्यात अख्खी दिसते.

चेरी पाहायला वॉशिंग्टनलाच जायला हवे का?

मुळीच नाही. एडिसन, जर्सी सिटी किंवा आसपास राहणाऱ्यांच्या अंगणातच म्हणावे इतक्या जवळ, नेवार्कच्या ब्रांच ब्रूक पार्कमध्ये चेरीची ५,००० हून अधिक झाडे आहेत, म्हणजे वॉशिंग्टनपेक्षाही जास्त. १९२७ मध्ये कॅरोलाइन बॅम्बर्गर फुल्ड यांनी दिलेल्या झाडांपासून या संग्रहाची सुरुवात झाली. बहर साधारण एप्रिलच्या मध्यावर येतो. अनेक जाती एकापाठोपाठ एक फुलत असल्यामुळे दोन-तीन आठवड्यांत केव्हाही गेले तरी सहसा निराशा होत नाही. दक्षिणेकडे जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहरात तर योशिनोची तीन लाखांहून अधिक झाडे असल्याचे सांगतात. तेथे बहर मार्चमध्येच, वॉशिंग्टनच्या आधी, येऊन जातो.

टेक्सासमधील ब्लूबॉनेट कुठे आणि केव्हा पाहावेत?

मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. डॅलसकडून जाणाऱ्यांसाठी एनिस हे गाव सोयीचे आहे. तेथे एप्रिलमध्ये मोटारीने फिरण्याचे मार्ग आखून देतात आणि कोणत्या रस्त्यावर किती फुले आहेत याची माहिती देत राहतात. ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोकडून जाणाऱ्यांनी हिल कंट्रीतल्या फ्रेडरिक्सबर्गच्या उत्तरेचा विलो सिटी लूप हा रस्ता घ्यावा. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन खासगी आहे. फुले मोटारीतूनच पाहायची असतात आणि कुंपणाला हात लावायचा नसतो.

ब्लूबॉनेट ही शेंगावर्गातली, आपल्या हरभऱ्या-तुरीच्या कुळातली वनस्पती आहे. बी शरद ऋतूत रुजते, हिवाळाभर रोप जमिनीलगत पसरून राहते आणि मार्चमध्ये त्यावर निळे तुरे येतात. म्हणून येत्या वसंतात फुले कशी असतील याचा अंदाज मागच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसावरून बांधावा लागतो. फूल जवळून पाहिले तर वरच्या पाकळीवर पांढरा ठिपका दिसतो. फूल जुने झाले की तो गडद जांभळट-लाल होतो आणि मधमाश्या मग त्या फुलाकडे सहसा फिरकत नाहीत. १९०१ मध्ये राज्यफूल निवडताना ब्लूबॉनेटसमोर निवडुंगाचे फूल आणि कापसाचे बोंड हे प्रतिस्पर्धी होते. विदर्भातल्या माझ्या एका पाहुण्याला बोंड हरल्याचे मनापासून वाईट वाटले.

टेक्सासच्या महामार्गांच्या कडेला फुले इतकी दाट दिसतात, यामागे योजना आहे. राज्याचा परिवहन विभाग दरवर्षी सुमारे ३०,००० पौंड रानफुलांचे बी पेरतो आणि बी पक्व होऊन गळेपर्यंत कडेचे गवत कापत नाही. महामार्गांच्या सौंदर्याचा आग्रह लेडी बर्ड जॉन्सन यांनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी असताना धरला होता आणि १९६५ चा महामार्ग सुशोभन कायदा त्यांच्याच प्रयत्नांशी जोडला जातो. त्यांनी १९८२ मध्ये सुरू केलेले रानफुलांचे केंद्र ऑस्टिनमध्ये त्यांच्या नावाने ओळखले जाते. लहान मुले किंवा वडीलधारी मंडळी बरोबर असतील, तर रस्त्याकडेला थांबण्यापेक्षा हे केंद्र शंभर पटींनी बरे. महामार्गाच्या कडेला वेगाने जाणाऱ्या मोटारींचा धोका असतो, आणि उंच गवतात विषारी रॅटलस्नेकही असू शकतो.

'सुपरब्लूम' म्हणजे काय? तो दरवर्षी होतो का?

नाही, आणि हे नीट समजून न घेतल्यामुळेच सर्वाधिक लोकांची निराशा होते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात अनेक वर्षांतून एखाद्या वर्षी रानफुलांचा असाधारण बहर येतो, त्याला सुपरब्लूम म्हणतात. डेथ व्हॅलीत वर्षाकाठी सरासरी दोन इंचांच्या आसपासच पाऊस पडतो. तेथे असा बहर १९९८, २००५ आणि २०१६ मध्ये आला. मधल्या वर्षी गेलेल्यांना तुरळक फुले दिसली.

कारण बियांच्या स्वभावात आहे. वाळवंटातील अनेक वर्षायू (एकाच वर्षात उगवून, फुलून संपणाऱ्या) वनस्पतींच्या बियांवर उगवण रोखणाऱ्या द्रव्यांचे आवरण असते. हलक्या सरीने ते धुतले जात नाही, त्यामुळे फसव्या पावसाला बी भुलत नाही. शरद ऋतूत एखादा चांगला, जमीन भिजवणारा पाऊस झाला, पुढे हिवाळाभर थोड्या थोड्या अंतराने सरी येत राहिल्या आणि वसंताच्या तोंडावर जमीन सुकवणारे गरम वारे सुटले नाहीत, तरच वर्षानुवर्षे मातीत निजलेले बी एकाच वेळी जागे होते. यातली एक अट मोडली तरी बहर अडतो. कधी सगळे जुळून आल्यावर अळ्यांची टोळधाड येते आणि आठवड्याभरात ताटवे फस्त होतात.

अँझा-बोरेगो हे राज्य उद्यान सॅन डिएगोहून जवळ असून तेथे फुले फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत असतात. पिवळी वाळवंटी सूर्यफुले आणि जमिनीवर पसरणारी जांभळी सँड व्हर्बिना ही तेथली मुख्य फुले. सर्वांत भव्य देखावा माझ्या मते कराइझो प्लेन या कॅलिफोर्नियातल्याच गवताळ मैदानाचा. २०१७, २०१९ आणि २०२३ मध्ये तेथल्या टेंब्लर डोंगररांगेवर पिवळ्या, जांभळ्या आणि नारिंगी रंगांचे पट्टे मैलोन्‌मैल पसरले होते. मात्र तेथे पेट्रोल मिळत नाही, पिण्याचे पाणी बरोबर न्यावे लागते आणि कच्चे रस्ते पावसानंतर इतके निसरडे होतात की साध्या मोटारी रुतून बसतात. एका वर्षी आमचीही मोटार अशीच रुतली. मागून आलेल्या एका अनोळखी कुटुंबाने दोर लावून ती ओढून काढली नसती, तर ती रात्र आम्हाला तेथेच काढावी लागली असती.

पॉपी पाहायला गेलो, पण फुले मिटलेली होती. असे का झाले?

कॅलिफोर्निया पॉपी हे नारिंगी रानफूल रात्री, ढगाळ हवेत आणि थंड वाऱ्यात आपल्या पाकळ्या मिटून घेते. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला लँकेस्टरजवळ असलेल्या अँटिलोप व्हॅलीच्या राखीव क्षेत्रात दुपारी वारा फार असतो. म्हणून सकाळी ऊन तापू लागल्यावर, दहा-अकराच्या सुमारास पोहोचावे. मोसम मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. येथे पाणी घालून फुले वाढवत नाहीत, जे उगवेल ते निसर्गाचे. त्यामुळे कोरड्या वर्षी टेकड्या उघड्याच राहतात. खात्रीने फुले हवी असतील तर कार्ल्सबॅडच्या समुद्रकाठच्या शेतांत जावे. तेथे सुमारे ५० एकरांत रॅननक्युलस या रंगीबेरंगी फुलांची लागवड असते आणि मार्चच्या आरंभापासून मेमध्ये मदर्स डेपर्यंत शेते लोकांसाठी खुली असतात. ती लागवड आहे, रानफुले नव्हेत, एवढा फरक मनात ठेवावा.

बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, एका दिवसात जाऊन येण्याजोगे काही आहे का?

रेडवुड सिटीजवळचा एजवुड पार्क अगदी हाताशी आहे. तेथल्या सर्पेंटाइन खडकाच्या नापीक मातीत परदेशी गवत नीट वाढत नाही, म्हणून स्थानिक फुलांना जागा मिळते आणि मार्च-एप्रिलमध्ये टेकडी पिवळी-पांढरी होते.

पण सह्याद्रीचे सडे मनात असलेल्या माणसाने जरा लांबचा प्रवास करून ओरोव्हिलजवळचे नॉर्थ टेबल माउंटन पाहावेच. हे लाव्हारसापासून बनलेले बेसाल्टचे सपाट पठार आहे. खडकावर मातीचा थर पातळ असतो, पावसाचे पाणी उथळ डबक्यांत साठते, आणि डबकी आटत जातात तशी त्यांच्या काठाने वेगवेगळ्या फुलांची वर्तुळे उमटतात. कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये चालल्याचा भास मार्चच्या अखेरीस येथे होतो. पायाखालचा काळा खडक आणि त्याच्या भेगांतून आलेली इवलीशी फुले पाहून मला पहिल्यांदा खरोखर घरी आल्यासारखे वाटले. प्रवेशासाठी राज्याच्या वन्यजीव विभागाचा पास आधी घ्यावा लागतो. पठारावर गाई चरताना दिसल्या तर नवल करू नये; त्यांच्या चरण्यामुळे परदेशी गवत आटोक्यात राहते.

ट्यूलिपची शेते पाहण्यासाठी सर्वांत चांगली जागा कोणती?

सिअ‍ॅटलच्या उत्तरेला सुमारे ६० मैलांवरची स्कॅजिट व्हॅली. तेथला ट्यूलिप महोत्सव १९८४ पासून भरतो आणि संपूर्ण एप्रिल चालतो. माउंट व्हर्नन आणि ला कॉनर या गावांच्या मधली ही खरी शेती आहे. पीक फुलांइतकेच कंदांचेही असते. फूल पूर्ण उमलल्यावर शेतकरी ते खुडून टाकतात, कारण तसे केले नाही तर झाडाची ताकद बी धरण्यात जाते आणि कंद पोसत नाही. 'काल फुले होती आणि आज कापली' ही तक्रार करण्यापूर्वी हे कारण लक्षात घ्यावे. जमीन दमू नये आणि रोग माजू नयेत म्हणून पिकांची फेरपालट करतात, त्यामुळे दरवर्षी फुलांची शेते वेगळ्या जागी असतात आणि मागच्या वर्षीचा नकाशा उपयोगाचा नसतो. शनिवार-रविवारी गर्दी फार होते. तिकीट आधी काढून आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी जावे. चिखलात चालण्याची तयारी ठेवावी. ओरेगनमध्ये वुडबर्नजवळही अशीच शेते आहेत आणि पोर्टलंडकरांना ती जवळ पडतात.

मोठ्या ताटव्यांपेक्षा जंगलातली फुले पाहायची असतील तर?

मग ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात जावे. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरच्या या उद्यानात सपुष्प वनस्पतींच्या १,५०० हून अधिक जाती आढळतात. अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रीय उद्यानात इतक्या नाहीत.

तेथल्या वसंतफुलांचे आयुष्य मोठे विलक्षण असते. पानगळीच्या जंगलात मोठ्या झाडांना पालवी फुटण्याआधी काही आठवडे सूर्यप्रकाश थेट जमिनीपर्यंत पोहोचतो. तेवढ्या अवधीत ट्रिलियम, ब्लडरूट, स्प्रिंग ब्यूटी अशा लहान वनस्पती पालेपाचोळ्यातून वर येतात, फुलतात आणि फळे धरतात. त्यांतल्या कित्येक, माथ्यावर सावली दाटली की, जमिनीवरून दिसेनाशा होतात आणि वर्षाचा उरलेला काळ कंदांच्या आणि मुळांच्या रूपात काढतात. त्यांच्यापैकी अनेकांचे बी मुंग्या वाहून नेतात. बीला चिकटलेला स्निग्ध गर मुंग्या खातात आणि बी वारुळाजवळ टाकून देतात. ट्रिलियमच्या रोपाला बीपासून पहिले फूल येईपर्यंत सात ते दहा वर्षे लागू शकतात. ते फूल तोडताना त्याच्या खालची तीन पानेही तुटतात, आणि त्या रोपाची पुढच्या वर्षाची शिदोरीच नाहीशी होते.

एप्रिलच्या मध्यावर पोर्टर्स क्रीकची पायवाट धरावी. चढ बेताचा आहे, बाजूने ओढा आहे आणि एका लाकडी साकवापलीकडे पांढऱ्या फुलांनी भरलेला उतार लागतो. येथे उंचीचा नियम प्रत्यक्ष पाहता येतो. उद्यानाचा सर्वांत खालचा भाग ९०० फुटांच्या आसपास आहे आणि कुवोही हे सर्वोच्च शिखर ६,६४३ फुटांचे आहे. हॉपकिन्सच्या हिशेबाने या दोहोंच्या वसंतात जवळजवळ दोन महिन्यांचे अंतर पडते. खाली ट्रिलियम संपल्यावर जूनमध्ये उंच कड्यांवर जांभळट ऱ्होडोडेन्ड्रॉन फुलतात. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, मात्र मार्च २०२३ पासून १५ मिनिटांहून अधिक काळ मोटार उभी करायची असल्यास पार्किंगचा टॅग विकत घ्यावा लागतो.

दक्षिणेकडील अझेलियाबद्दल फारसे ऐकू येत नाही. ते पाहण्यासारखे आहेत का?

नक्कीच आहेत. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत सव्हाना आणि चार्ल्सटन या जुन्या शहरांतले चौक आणि बागा अझेलियाने भरून जातात. अलाबामातील मोबिलजवळची बेलिंग्रॅथ गार्डन्स आणि जॉर्जियातील कॅलवे गार्डन्स ही दोन ठिकाणे त्यासाठी खास सांगावीशी वाटतात. ओक वृक्षांच्या फांद्यांवरून लोंबणारे राखाडी स्पॅनिश मॉस आणि खाली गर्द गुलाबी झुडपे हे दृश्य उत्तरेत कुठेही नाही.

मुलांना शाळेची सुटी मेमध्येच लागते. तोवर सगळे संपलेले असते का?

नाही. महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबांची हीच अडचण असते आणि मे महिन्याकडे उगाच दुर्लक्ष होते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या हायलंड पार्कमध्ये मेच्या मध्यावर लायलॅकची १,२०० हून अधिक झुडपे फुलतात. त्यांचे ५०० हून अधिक वाण तेथे आहेत. जॉन डनबार या उद्यानतज्ज्ञाने हा संग्रह १८९२ मध्ये सुरू केला. लायलॅक डोळ्यांपेक्षा नाकाने पाहायचे फूल आहे. पाऊस पडून गेल्यावर त्या टेकडीवर उभे राहिले की वास अंगाला लपेटून घेतो. नायगाराचा धबधबा तेथून दीड तासावर असल्याने पाहुण्यांच्या ठरलेल्या सहलीत ही भेट सहज बसते. मिशिगनमधील हॉलंड या डच लोकांनी वसवलेल्या गावात १९२९ पासून चालत आलेला ट्यूलिप उत्सव मेमध्येच असतो, आणि आयोवातील पेला गावाचा उत्सव मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास.

जूनच्या मध्यानंतर आल्यास टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरचा रोन माउंटन पाहावा. कार्व्हर्स गॅपपर्यंत मोटार जाते आणि तेथून थोडे चालले की गवताळ माथ्यांवर ऱ्होडोडेन्ड्रॉनची बने लागतात. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन चक्रीवादळात या डोंगराळ भागातील रस्त्यांची मोठी हानी झाली होती, म्हणून निघण्यापूर्वी मार्ग खुला असल्याची खात्री करावी.

वयस्कर आई-वडिलांना कोणती ठिकाणे झेपतील?

टायडल बेसिनची प्रदक्षिणा सुमारे दोन मैलांची आणि सपाट आहे, परंतु गर्दीच्या दिवशी बसायला जागा मिळत नाही. लाँगवुड गार्डन्स हा सर्वांत सुखाचा पर्याय : पक्क्या वाटा, चाकाची खुर्ची नेण्याची सोय, स्वच्छतागृहे, आणि पाऊस आलाच तर फुलांनी भरलेले मोठे काचगृह. ब्रांच ब्रूक पार्कमधून मोटारीचा रस्ताच जातो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही मोटारीत बसून झाडे पाहता येतात. नॉर्थ टेबल माउंटनचा खडक मात्र ओबडधोबड आहे. तेथे काठी हवी. एप्रिलची हवाही फसवी असते. दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि संध्याकाळी कानटोपी आठवते.

फुलांमुळे ॲलर्जी होते का?

चेरी, ट्यूलिप किंवा पॉपी यांना सहसा दोष देता येत नाही, कारण त्यांचा पराग मुख्यतः कीटक वाहून नेतात. त्रास होतो तो त्याच दिवसांत फुलणाऱ्या ओक, बर्च यांसारख्या वृक्षांच्या वाऱ्यावर उडणाऱ्या बारीक परागाचा. दक्षिणेत मोटारींवर बसणारी पिवळी धूळ पाइनची असते. ती दिसते फार, पण तिचा त्रास ओकच्या परागापेक्षा कमी. दमा असलेल्यांनी आपली औषधे भारतातूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावीत.

फुलांत बसून छायाचित्र काढले तर काय बिघडते?

पायाखाली माती दाबली गेली की पुढच्या वर्षी तेथे बी रुजणे कठीण होते, आणि वर्षायू फूल बी धरण्यापूर्वी मोडले तर पुढची पिढीच खुंटते. एक माणूस वाट सोडून आत गेला की त्याची पाऊलवाट पाहून दहा जण जातात. २०१९ च्या मार्चमध्ये लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये इतकी गर्दी लोटली की शहराला रस्ते बंद करावे लागले, आणि २०२३ मध्ये बहराच्या काळात दरी लोकांना पूर्ण बंद ठेवण्यात आली. त्याच २०१९ साली कॅलिफोर्नियातील डॅफोडिल हिल ही खासगी टेकडी गर्दी आवरत नाही म्हणून मालक कुटुंबाने बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या ते ती वसंतात लोकांसाठी मोफत खुली ठेवत असत. राष्ट्रीय उद्यानांत फूल तोडणे हा गुन्हा आहे. चेरीची फांदी ओढून तोंडाजवळ आणणे किंवा पाकळ्यांचा पाऊस पडावा म्हणून झाड हलवणे हेदेखील करू नये. आपल्या मुलांना आपणच थांबवले पाहिजे. वाटेवर उभे राहून, कॅमेरा खाली धरून काढलेल्या छायाचित्रातही माणूस फुलांत उभा असल्यासारखा दिसतो.

यंदा फुले कुठवर आली आहेत, हे निघण्यापूर्वी कसे कळेल?

वॉशिंग्टनसाठी राष्ट्रीय उद्यान सेवा मार्चपासून कळ्यांची अवस्था कळवत राहते. दक्षिण कॅलिफोर्नियासाठी थिओडोर पेन फाउंडेशनची रानफुलांची दूरध्वनी सेवा मार्च ते मेमध्ये दर शुक्रवारी ताजी माहिती देते. ती १९८३ पासून सुरू आहे. देशभर पालवी कुठपर्यंत पोहोचली याचे नकाशे राष्ट्रीय फिनॉलॉजी नेटवर्क (ऋतूंनुसार सजीवांत होणाऱ्या बदलांची नोंद ठेवणारी संस्था) प्रसिद्ध करते, आणि त्या वर्षीचा वसंत लवकर आहे की उशिरा हे त्यांवरून चटकन कळते. समाजमाध्यमांवरच्या छायाचित्रांवर विसंबू नये. त्यांतली पुष्कळशी मागच्या वर्षांची असतात. त्यापेक्षा ज्या गावी जायचे तेथल्या उद्यानाच्या माहिती केंद्राला निघण्याच्या दोन दिवस आधी फोन करावा. तेथले कर्मचारी कोणत्या वाटेवर, कितव्या मैलावर काय फुलले आहे ते आपुलकीने सांगतात. विमानाची तिकिटे आधी काढावी लागतातच, पण हॉटेल मात्र रद्द करता येईल असेच घ्यावे, म्हणजे बहर एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात सरकला तर आपल्यालाही त्याच्यामागे जाता येते.